लोअर केलेल्या गाडीचे टायर आतून का खातात: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

गाडी लोअर केल्यानंतरच्या व्हील अलाइनमेंटबद्दल मी जे लिहिलं, त्यावर तुम्ही बराच वेळ खर्चून प्रतिक्रिया दिलीत, म्हणून उत्तरही मुद्द्यांना धरून देतो. बाकीच्या वाचकांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. तुमच्या स्विफ्टला ३५ मि.मी. खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा टाकल्या. त्याच संध्याकाळी कॉम्प्युटर अलाइनमेंट केलं आणि पडद्यावर सगळं हिरवं (म्हणजे कंपनीने दिलेल्या मर्यादेत) आलं. तरी ८,००० कि.मी.मध्ये पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेला गुळगुळीत झाले. म्हणून तुम्ही लिहिलंत, ‘हा सरळसरळ कॅम्बरचा प्रकार आहे, तुम्ही उगाच टो-टो करत बसलात. कॅम्बर बोल्ट टाका म्हणून सांगायचं सोडून दोनदा अलाइनमेंट करायला लावता, म्हणजे लोकांच्या खिशाला भुर्दंड.’ (कॅम्बर म्हणजे समोरून पाहिल्यावर चाक उभ्या रेषेपासून किती कललंय तो कोन, वरची बाजू आत कलली की निगेटिव्ह. टो म्हणजे वरून पाहिल्यावर चाकांच्या पुढच्या बाजू किती वळल्यात ते, आत असतील तर टो-इन, बाहेर असतील तर टो-आउट. कॅम्बर बोल्ट म्हणजे फिरवून कॅम्बर बदलता येणारा बोल्ट.) शिवाय ‘गाडी जितकी खाली तितका कॅम्बर निगेटिव्ह’ हे माझं वाक्य चूक असल्याचंही तुम्ही दाखवलंत.

आधी हे शेवटचं. ते वाक्य चूकच होतं. मॅकफर्सन स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकाच उभ्या खांबात असलेल्या) गाडीत लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून धरणारा दांडा, मूळ उंचीवर बाहेरच्या बाजूला थोडा खाली झुकलेला असतो. गाडी खाली आली की आर्म आडवा होत जातो, त्याच्या टोकाचा बॉल जॉइंट (गोल सांधा) बाहेर सरकतो आणि चाकाचा खालचा भाग बाहेर जाऊन कॅम्बर निगेटिव्ह होतो. पण हे आर्म आणि स्ट्रट यांच्यात काटकोन होईपर्यंतच. त्याच्याही खाली गेलात तर बॉल जॉइंट उलट आत येऊ लागतो आणि मिळालेला निगेटिव्ह कॅम्बर कमी होतो. म्हणून ‘जितकी खाली तितका जास्त’ हे सूत्र टिकत नाही. लेखात दुरुस्ती करतो.

मात्र हीच दुरुस्ती तुमच्या दुसऱ्या मुद्द्याच्या विरोधात जाते. ३०-३५ मि.मी. उतरवल्यावर अशा गाडीचा कॅम्बर साधारण अर्धा ते एक अंशाने बदलतो. मूळचा शून्याच्या आसपास असेल तर तो उणे एकच्या घरात जाईल. तेवढ्या कॅम्बरने आतली कड थोडी आधी झिजेल हे मान्य, पण ८,००० कि.मी.मध्ये टायर संपणार नाही. झीज कुठे होणार ते कॅम्बरवर ठरतं, कारण वजन आतल्या खांद्यावर येतं. ती किती वेगाने होणार ते टोवर ठरतं, कारण तिथे रबर रस्त्यावर आडवं घासतं.

हिशोब करून पाहा. समजा प्रत्येक चाक फक्त १५ मिनिटं, म्हणजे पाव अंश, बाहेर वळलेलं आहे. पाव अंशाचा साइन ०.००४३६. म्हणजे दर किलोमीटरला चाक सुमारे ४.४ मीटर आडवं फरफटतं. ८,००० कि.मी.मध्ये ते झालं ३५ कि.मी., जवळजवळ स्वारगेट ते चाकण, तेही आडवं घासत. डोळ्यांना न दिसणाऱ्या पाव अंशाची ही किंमत आहे, आणि निगेटिव्ह कॅम्बरमुळे ते सगळं घासणं आतल्या दोन बोटं रुंदीच्या पट्टीवर येतं.

हे तुमच्याच टायरवर तपासता येईल. गाडी उभी करून स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि तळहात टायरच्या नक्षीवर आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. टोचा दोष असेल तर प्रत्येक पट्टीची एक कड गोल झालेली असते आणि दुसरी करवतीसारखी धारदार राहते. बाहेरून आत नेताना हाताला खरखर लागली आणि उलट नेताना हात सरळ घसरला, तर टो-आउट. याच्या उलट लागलं तर टो-इन. दोन्हीकडून सारखंच गुळगुळीत असेल आणि झीज आतल्या कडेला सपाट उतरत गेली असेल, तर कॅम्बर हे तुमचं निदान बरोबर आणि मी चूक. आतली पट्टी अगदी गुळगुळीत झाली असेल तर तिच्या शेजारच्या, अजून नक्षी शिल्लक असलेल्या पट्टीवर हात फिरवा. खरी खूण तिथे सापडते.

आता टो बिघडला कसा? टाय रॉड (स्टिअरिंगपासून चाकापर्यंत जाणारा, चाक वळवणारा दांडा) आणि लोअर आर्म हे दोन वेगवेगळ्या लांबीचे कंपास आहेत असं समजा. दोघांची आतली टोकं गाडीला धरलेली, बाहेरची चाकाला. गाडी खाली आली की बाहेरची टोकं बॉडीच्या हिशोबाने वर जातात, आणि दोघं आपापला कंस काढतात. हे कंस जुळावेत अशी रचना कंपनी तिच्या उंचीसाठी करते. उंची बदलली की जुळणी मोडते. स्टिअरिंग रॅक (स्टिअरिंग फिरवल्यावर डावी-उजवीकडे सरकणारा दांडा) ॲक्सलच्या मागे असलेल्या गाडीत टाय रॉडने चाकाची मागची बाजू आत ओढली तर पुढची बाजू बाहेर वळते, तोच टो-आउट. शिवाय हे एकदाच होऊन थांबत नाही. चार माणसं बसली, गतिरोधक आला, खड्डा आला, की प्रत्येक वेळी चाक थोडं वळतं.

‘हिरवं आलं होतं’ हा तुमचा सगळ्यात मोठा आधार, आणि माझं म्हणणं इथेच नीट पोचलं नव्हतं. मशीनचं हिरवं त्या क्षणाच्या उंचीचं असतं. नव्या स्प्रिंगा पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये आणखी काही मि.मी. बसतात. त्यात आपल्याकडे एक चूक सर्रास होते. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत, आणि त्याच अवस्थेत लोअर आर्मच्या बुशचे (रबरी सांध्याचे) बोल्ट पक्के आवळले जातात. हे बुश घरंगळणारं बेअरिंग नाही. त्यातलं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं आणि ते पीळ खाऊन हालचाल देतं. लोंबकळत्या स्थितीत आवळलं की गाडी जमिनीवर आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि स्प्रिंगसारखं गाडीला वर ढकलतं. मग दिवसागणिक ते सैल पडतं, गाडी खाली येते, टो सरकतो, आणि बुश लवकर फाटतं ते वेगळंच. मागच्या बीमच्या (मागची दोन्ही चाकं जोडणाऱ्या आडव्या तुळईच्या) बुशलाही हेच लागू. उपाय सोपा आहे: बोल्ट आधी हातघट्ट ठेवायचे, गाडी रॅम्पवर चाकांवर उभी करायची, पुढून-मागून चार-पाच वेळा दाबून सोडायची, आणि मग मॅन्युअलमधल्या टॉर्कने (ठरवून दिलेल्या पिळाच्या जोराने) आवळायचं. तुमच्या गाडीत हे कसं झालं होतं ते फिटरला आवर्जून विचारा.

हिरव्या पट्ट्यात आणखी एक गोम आहे. मर्यादा रुंद असतात. डावा कॅम्बर पट्ट्याच्या एका टोकाला आणि उजवा दुसऱ्या टोकाला असला तरी दोन्ही हिरवे, आणि गाडी मात्र एका बाजूला ओढते. म्हणून रंग पाहू नका, छापील कागद मागा, आधीचे आणि नंतरचे दोन्ही आकडे असलेला. साधारण २५ ते ३५ मि.मी. उतरवलेल्या, रोज वापरायच्या गाडीला माझ्या मते पुढचा एकूण टो शून्य ते १० मिनिटं टो-इन असावा, कॅम्बर उणे अर्धा ते उणे दीड अंश चालेल, पण डाव्या-उजव्यातला फरक अर्ध्या अंशाच्या आत हवा. कॅस्टरची (बाजूने पाहिल्यावर चाक ज्या आसाभोवती वळतं त्याच्या मागे कलण्याच्या कोनाची) फार काळजी नको. स्विफ्टचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २,४५० मि.मी. धरला तर मागचा भाग पुढच्यापेक्षा २५ मि.मी. जास्त बसला, तरी कॅस्टर साधारण ०.६ अंशाने वाढतो.

कॅम्बर बोल्टबद्दल. माझा त्याला विरोध नाही. स्विफ्टमध्ये स्ट्रट नकलला (चाक धरणाऱ्या भागाला) दोन बोल्टांनी धरलेला असतो, त्यातल्या वरच्या जागी हा बोल्ट बसतो. (फोक्सवॅगन घराण्यातल्या बऱ्याच गाड्यांत स्ट्रट नकलच्या गळ्यात घुसवून एकाच बोल्टने आवळलेला असतो, तिथे हा उपाय लागूच पडत नाही.) एका बाजूला एकच बोल्ट टाका, कारण त्याची दांडी मूळ बोल्टपेक्षा बारीक असते. दोन्ही बदलले तर पकड कमी होऊन खड्ड्यात नकल सरकू शकते. नवा बोल्ट टाकल्यावर ५०० कि.मी.नी टॉर्क पुन्हा तपासा. स्ट्रटचं भोक घासून लंबगोल करणं किंवा हायड्रॉलिक जॅकने स्ट्रट वाकवून ‘कॅम्बर काढणं’ दोन्ही नको. वाकलेल्या स्ट्रटचा रॉड आत घासतो आणि सील गळायला लागतं. नाना पेठेत बोल्ट घ्यायला गेलात तर मूळ बोल्टचा व्यास मोजून न्या, नुसतं मॉडेलचं नाव सांगून आणू नका.

पण नुसता कॅम्बर बोल्ट टाकून थांबलात तर प्रश्न वाढेल, कारण कॅम्बर हलवला की टो हलतोच. उदाहरणादाखल धरा की टाय रॉडचं टोक खालच्या बॉल जॉइंटपेक्षा ६० मि.मी. वर आहे आणि स्टिअरिंग आर्म (टाय रॉड जोडलेला नकलचा हात) १३० मि.मी. लांब. कॅम्बर १ अंशाने बदलला तर त्या उंचीवर नकल सुमारे १.०५ मि.मी. सरकते, पण टाय रॉड जागचा हलत नाही. म्हणजे १३० मि.मी.वर १.०५ मि.मी., जवळजवळ २८ मिनिटांचा टो, तोही एका चाकाला. वर आपण १५ मिनिटांचा हिशोब पाहिला होता. म्हणून क्रम ठरलेला: आधी मागची चाकं मोजायची, मग कॅम्बर, स्टिअरिंग सरळ लॉक करून सगळ्यात शेवटी टो. दोन्ही टाय रॉड सारखे फिरवायचे, चेकनट (टाय रॉड जागी पक्का धरणारा नट) आवळताना रॅकचा रबरी बूट पिळला जात नाही ना ते पाहायचं.

मागचं का मोजायचं, बीमला तर काही ॲडजस्टच होत नाही, असं कोणी म्हणेल. होत नाही हे खरं, पण एक चाक आत आणि एक बाहेर असेल तर गाडी तिरकी चालते आणि पुढचं कितीही जुळवलं तरी स्टिअरिंग वाकडं राहतं. तेव्हा स्टब ॲक्सल (मागचं चाक ज्यावर बसतं तो छोटा आस) आणि बीमच्या मध्ये शिम, म्हणजे पातळ पत्री, घालावी लागते.

राहिला भुर्दंडाचा मुद्दा. दोनदा पैसे द्या असं मला म्हणायचं नव्हतं, पण माझ्या शब्दांतून तसा अर्थ निघतो हे खरं. पहिल्या दिवशीचा टो घरच्या घरी दोरीने लावता येतो. सोसायटीच्या पार्किंगमधली सपाट फरशी पाहा. चारी टायरमध्ये ठरलेली हवा, टाकी अर्धी, स्टिअरिंग सरळ. गाडीच्या दोन्ही बाजूंना हबच्या (चाकाच्या मध्याच्या) उंचीवर नायलॉनची दोरी ताणा, चार स्टँड किंवा विटांच्या चार थप्प्या चालतील. पुढच्या दोन्ही हबपासून दोरीचं अंतर डावी-उजवीकडे सारखं, मागच्या दोन्ही हबपासूनही डावी-उजवीकडे सारखं. पुढचं आणि मागचं अंतर मात्र आपापसात सारखं येईलच असं नाही, कारण पुढचा आणि मागचा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) वेगळा असतो. अनेक जण इथेच फसतात. आता पुढच्या चाकाच्या रिमची पुढची कड आणि मागची कड दोरीपासून स्टीलच्या पट्टीने अर्ध्या मि.मी.पर्यंत मोजा. पुढची कड दोरीच्या जवळ असेल तर टो-आउट. १५ इंची रिमच्या कडेचा व्यास ४०० मि.मी. धरला तर १ मि.मी.चा फरक म्हणजे साधारण साडेआठ मिनिटं. गाडी थोडी पुढे ढकलून चाक अर्धा फेरा फिरवा, पुन्हा मोजा आणि सरासरी घ्या, म्हणजे रिम किंचित वाकडी असली तरी हिशोब चुकत नाही. गाडी जॅकवर घेतली असेल तर मोजण्याआधी तिला काही फूट पुढे-मागे ढकलाच, नाहीतर टायर आडवे अडकून राहतात आणि आकडा खोटा येतो.

कॅम्बर गवंड्याच्या ओळंब्याने मोजता येतो: रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेच्या अंतरातला ७ मि.मी.चा फरक म्हणजे १ अंश. एवढं करून गाडी वापरा. ५०० कि.मी. झाल्यावर हबच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतची उंची चारी चाकांवर मोजा, आठवड्याने परत मोजा. आकडा हलला नाही म्हणजे स्प्रिंग बसली. मग मशीनवर एकदाच पैसे खर्च करा, आणि नेहमी दोघं फिरत असाल तर दोघांच्या वजनाइतकं ओझं पुढच्या सीटवर ठेवून करा. चाचणी कात्रज बायपाससारख्या रस्त्यावर घेताना लक्षात ठेवा, डावीकडच्या लेनला पाण्यासाठी उतार असतो, त्यामुळे गाडी किंचित डावीकडे जाणं हा दोष नाही.

तुमच्या सध्याच्या टायरचं काय करायचं तेही सांगतो. आतल्या कडेला तार दिसत असेल किंवा नक्षीची खोली १.६ मि.मी.च्या खाली गेली असेल तर ते लगेच काढा, पावसाळ्यात तर एक दिवसही नको. तेवढं झिजलेलं नसेल आणि टायर एकाच दिशेने फिरवायचे किंवा बाहेरची-आतली बाजू ठरलेले नसतील, तर टो सुधारल्यानंतर टायर रिमवरून उतरवून उलटे चढवून घ्या, आतली कड बाहेर येईल. पहिले हजारभर किलोमीटर घूं-घूं आवाज येईल, तो करवतीसारख्या झालेल्या पट्ट्यांचा आहे, बेअरिंगचा नाही. आणि तळहाताच्या तपासणीत काय लागलं, ते अलाइनमेंटच्या कागदावरच्या आकड्यांसह इथेच लिहा. कॅम्बरचीच खूण निघाली तर टो आणि झिजेबद्दलचा वरचा परिच्छेद मी तुमच्या निष्कर्षासह बदलेन.