शेकाबद्दलचा तो मेसेज

आमच्या नागपूरच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर शेकाबद्दलचा, म्हणजे कॅन्सरवरच्या रेडिएशनबद्दलचा, तोच मेसेज महिनाभरात तिसऱ्यांदा फिरला: "शेक घेतलेल्या पेशंटजवळ लेकरांना जाऊ देऊ नका. केस जातात, तोंड कायमचं भाजतं. त्यापेक्षा शेक घेऊच नका." खर्र्यापायी, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणापायी, बाबांना गालाचा कॅन्सर झाला. ऑपरेशननंतर त्यांनी ३० शेक घेतले. ते सगळं जवळून पाहिल्यामुळे मला गप्प बसवत नाही.

लेकरांचं आधी. बाहेरून दिलेले किरण मशीन बंद झालं की संपतात, अंगात काही उरत नाही. बाबा शेक घेऊन आले की नातीला मांडीवर घेऊन बसायचे. थायरॉइडच्या कॅन्सरसाठी आयोडीनचा डोस देतात, तेव्हा मात्र काही दिवस अंतर ठेवावं लागतं. तो उपचार वेगळा.

केस किरण पडतात तिथलेच जातात. बाबांची एका बाजूची दाढी गेली, डोक्याला काही झालं नाही.

तोंड भाजतं हे खरं, "कायमचं" हे खोटं. तिसऱ्या आठवड्यात बाबांचं तोंड आलं, वरणभातही झोंबायचा. चव गेली, गळ्याची कातडी काळी पडली. त्यात मे महिना, उन्हासाठी बांधलेला दुपट्टा नुसता घासला तरी कळ यायची. शेक संपल्यावरही दहा-पंधरा दिवस हाल होते, मग तोंड भरून आलं. चवीला काही महिने लागले. नेमक्या याच दिवसांत लोक शेक सोडतात आणि उरलेल्या कॅन्सरच्या पेशींना वाढायला सवड मिळते. डॉक्टरांकडून औषध घ्या, गिळवत नसेल तर नळीने जेवण द्या, पण शेक चुकवू नका.

जे खरंच मागे राहू शकतं, त्याचा मेसेजमध्ये शब्दही नाही. बाबांची लाळ कमी झाली ती झालीच. पोळी वरणात कुस्करल्याशिवाय उतरत नाही. लाळेअभावी दात किडतात, आणि शेक लागलेल्या जबड्यातला दात काढला तर हाड भरून न येता सडू शकतं. म्हणून किडलेले दात शेकाआधीच काढतात. दहा वर्षांनी दाताच्या डॉक्टरकडे गेलात तरी आधी शेकाचं सांगा. मानेला किरण लागले असतील तर थायरॉइड मंदावू शकतं. वर्षातून एकदोनदा रक्त तपासा. आणि जबडा आखडतो, खर्रा खाणाऱ्याचा तर जास्तच. बाबा रोज सकाळी आइसक्रीमच्या काड्यांची चळत दातांत धरून बसतात. सुरुवातीला १२ मावायच्या, आता १७ मावतात.