आईच्या पाटल्या, मामांच्या सुया आणि एक उशी

शेवटी गुजरीतल्या ओळखीच्या सोनारालाच घरी बोलावलं. आईच्या उजव्या हातातल्या पाटल्या साबणानं निघेनात, तेलानं निघेनात. लकव्याचा झटका येऊन तिसरा आठवडा होता आणि हात मनगटापासून बोटांपर्यंत पुरीसारखा टम्म फुगलेला. सोनारानं पाटल्या कापल्या तेव्हा आई रडली. हात गेला तेव्हा रडली नव्हती. (कुणाच्या घरी असा प्रसंग आला तर त्या बाजूच्या अंगठ्या-बांगड्या पहिल्याच दिवशी काढून ठेवा. आम्हाला हे सुचलंच नाही.)

दुसऱ्या दिवशी गडहिंग्लजहून मामा हजर. "अगं, सुयावाल्याकडं ने की तिला. चार दिवसांत सूज उतरती बघ. कोटणीसांची विद्या हाय ती!"

सुया म्हणजे अ‍ॅक्युपंक्चर. मी वाचून काढलं. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले ते जखमी सैनिकांवर उपचार करायला. सुयांची विद्या शिकून भारतात आणली ती त्याच पथकातल्या डॉ. बिजॉय कुमार बसूंनी, तीही बऱ्याच वर्षांनी. मामांना सांगितलं तर म्हणाले, "पथक एकच न्हवं?"

गेलो. भोंदूगिरी अजिबात नव्हती. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि या सुयावाल्यांची नोंदणी होती. सुया नव्या पाकिटातल्या. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, हे त्यांनी आधी विचारलं. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात एक सुई, मनगटाच्या वर एक, कोपराजवळ एक. अर्धा तास पडून राहायचं. पाच-सहा वेळा झाल्यावर सूज खरंच उतरली. मामा जिंकले.

पण मला एक गोष्ट खटकत राहिली. तिथं अर्धा तास आईचा हात दोन उशांवर, छातीपेक्षा उंच ठेवलेला असायचा. आणि घरी? दिवसा खुर्चीच्या कडेवरून खाली लोंबता, रात्री कॉटवरून खाली. आपण हात हलवतो तेव्हा स्नायू आवळतात आणि रक्त, पाणी वर ढकललं जातं. लुळ्या हातात हे ढकलणारं कुणी नाही, मग पाणी खाली साचतं. फिजिओथेरपिस्टनं हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आम्ही मान डोलावली होती.

मग मी शिलाईची टेप काढली. बोटांच्या मुळाशी, सकाळ-संध्याकाळ माप. ज्या दिवशी सुया नाहीत, नुसती उशी, त्या दिवशीही माप तेवढंच उतरायचं. एका बाईच्या हाताचं माप म्हणजे संशोधन नव्हे, मला कळतं. पण खरं संशोधनही फार पुढं गेलेलं नाही. बरेचसे प्रयोग चीनमधले, थोड्या रुग्णांवरचे, आणि सुयांबरोबर व्यायामही चालू असलेले. सुयांचा थोडा उपयोग होतही असेल. खांदा दुखायचा थांबला असं आई म्हणते, तिला मी खोटं ठरवणार नाही.

माझा राग सुयांवर नाहीच, आमच्यावर आहे. सुया सुरू झाल्या आणि घरातला व्यायाम बंद पडला. "चालू हाय की इलाज," असं दादा म्हणायचा आणि आईला उठवताना तोच लुळा हात धरून ओढायचा. त्या ओढण्यानं खांदा निखळतो, दुखतो, आणि दुखरा हात आणखी सुजतो. पैसे देऊन सुया टोचून आणल्या की काहीतरी केल्यासारखं वाटतं. उशी सरळ करण्यात कसला आलाय इलाज!

पायाचं मात्र वेगळं आहे, इथं गंमत नको. लकव्यानंतर एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखायला लागली, गरम लागली, तर ती रक्ताची गुठळी असू शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर माणूस जातो. आपल्याकडं पाय सुजला की तालमीतल्या वस्तादाला बोलावून तेल चोळायची सवय आहे. चोळू नका. सुयाही नकोत. आधी डॉक्टर, डॉप्लर तपासणी (शिरांतून रक्त नीट वाहतंय का ते दाखवणारी सोनोग्राफी), मग बाकीचं.

दहा वेळा झाल्यावर आम्ही सुया थांबवल्या. त्या पैशांत आता फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून तीनदा घरी येते. मामा तेव्हापासून फोन करतात, पण "आईला दे" एवढंच म्हणतात.