हवा कमी हाय!

नागपुरात डोंगर नाहीत. हे वाक्य एखाद्या अस्सल नागपूरकरासमोर बोलून बघा. सीताबर्डीचा किल्ला काय मैदानात बांधला का? टेकडी गणपतीला टेकडी उगाच म्हणतात का? आणि सेमिनरी हिल्स? हिल्स, भाऊ, अनेकवचन! आता खरं सांगायचं तर आमचं शहर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरच्या आसपास आहे, आणि ही उंची सगळ्या वस्त्यांना इतकी समान वाटून दिली आहे की कोणाच्याच वाट्याला धड चढ आलेला नाही. अशा गावात माउंटन बाइक, म्हणजे डोंगरातली सायकल, घेणाऱ्याकडे लोक मे महिन्यात कूलर विकून रजई घेणाऱ्याकडे बघावं तसं बघतात. तेवढं मी सहन केलं. पुढे मी याच सायकलींच्या मॅरेथॉन शर्यतीत नाव दिलं, तेव्हा मात्र घरचेही त्या लोकांत सामील झाले.

माउंटन बाइकिंग १९९६ पासून ऑलिम्पिकमध्ये आहे. पण तिथली शर्यत दीडेक तासात आटोपते. मॅरेथॉनचं अंतर आंतरराष्ट्रीय नियमाने ६० ते १६० किलोमीटर. तिची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २००३ पासून भरते, ऑलिम्पिकवाल्यांनी मात्र हा प्रकार अजून घरात घेतलेला नाही. शहाणी माणसं असावीत. आमची शर्यत ६४ किलोमीटरची होती, हिंगणा तालुक्यात, मोहगाव झिल्पीच्या तलावापासून. ३२ किलोमीटरच्या दोन फेऱ्या. हे दोन फेऱ्यांचं प्रकरण वरवर निरुपद्रवी दिसतं. त्याचा अर्थ असा, की पहिल्या फेरीत ज्यांनी तुम्हाला पाहिलं, ते दुसऱ्या फेरीत तयारीनिशी बसलेले असतात.

शर्यतीच्या आधी सायकल आमच्या चौकातल्या पंक्चरवाल्याकडे नेली. चेनला तेल हवं होतं, बाकी काही नाही. त्याने आधी अंगठ्याने मागचं चाक दाबलं.

"हवा कमी हाय, सर."

मी म्हटलं, मुद्दाम कमी आहे. पुढे २२ पीएसआय (हे हवेच्या दाबाचं माप), मागे २५. रेसिंगच्या बारीक टायरमध्ये याच्या तिप्पट-चौपट भरतात. पण इथे टायर मऊ असला की दगडावर चेपतो, पकड घेतो, उडत नाही. आणि हे ट्यूबलेस आहे, आत ट्यूबच नाही. त्यामुळे दगड आणि रिमच्या मधे चिमटून पंक्चर व्हायला ती ट्यूब असायला तर हवी! मी बोलत होतो तोवर तो शांतपणे ऐकत होता. मग त्याने जी शंका काढली तिला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

"ट्यूब नाही म्हणता. मंग आम्ही काय करावं?"

आणि जाताना म्हणाला, "दोन पंप मारून देतो ना, पैसे नका देऊ."

सकाळी साडेसहाला तलावाकाठी जमलो तेव्हा डिसेंबरची थंडी हाडात शिरत होती. कामठीहून काही फौजी पोरं आली होती. त्यांच्या पोटऱ्या बघूनच मी मनातल्या मनात त्यांना बक्षिसं वाटून टाकली. शिट्टी वाजली आणि ती पोरं धुळीत गेली ती कायमचीच. उरलो आम्ही, म्हणजे नोकरी, गुडघे आणि ईएमआय असलेले लोक. माझ्या शेजारी वर्ध्याचे एक निवृत्त मास्तर होते. माकडटोपीवर हेल्मेट, स्वेटरवर स्पर्धकाचा नंबर, आणि हँडलला अडकवलेली चिवड्याची पिशवी. त्यांनी मला विचारलं, "घाई आहे का तुम्हाला?" शर्यतीच्या सुरुवातीला हा प्रश्न मला तरी कोणी विचारला नव्हता.

पहिले काही किलोमीटर छान गेले. तुरी उभ्या होत्या, कापूस फुटला होता, आंब्या बहाराची संत्री क्रेटमध्ये भरणं चालू होतं. मधेच एक रोही, म्हणजे नीलगाय, आडवी आली, तिने आमच्याकडे एकदा बघितलं आणि न पेडल मारता आमच्या दुप्पट वेगाने निघून गेली. मग रस्ता संपला. खरं म्हणजे रस्ता होता, पण त्याची नुसती गिट्टीच होती. हा भाग दख्खनच्या लाव्हाच्या खडकाची पूर्वेकडची कड. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा जवळजवळ सगळा महाराष्ट्र पादाक्रांत करत आला आणि नागपूरला येऊन थांबला. मला त्याचं आता पूर्ण पटतं. त्या काळ्या दगडावरून, बैलबंडीच्या वाळून कडक झालेल्या चाकोऱ्यांतून सायकल नेताना माझ्याही मनात तिथेच थांबायचं होतं.

थकायला माझी हरकत नव्हती. त्यासाठी तर फी भरली होती. पण माणसाला नीट थकायला थोडा एकांत लागतो, आणि तो विदर्भात मिळत नाही. तुम्ही धापा टाकायला लागलात की कुठूनतरी, म्हणजे अक्षरशः तुरीतून, एक माणूस बाहेर येतो आणि तुमची चौकशी करतो. कुठले? सायकल केवढ्याची? एवढ्यात तर स्प्लेंडर येते! बक्षीस किती? काहीच नाही? एक मेडल? ते कायचं असते? ही उत्तरं छातीचा भाता चालू असताना द्यायची असतात, आणि न द्यावीत तर "पुण्याचा दिसते" असा शेरा बसतो.

पहिल्या टेकाडावर मी उतरून सायकल ढकलत होतो. बांधावर कापूस वेचणाऱ्या बायांचा घोळका होता. सायकलच्या चड्डीला बसायच्या जागी गादी असते. ती आमच्यात शास्त्रीय मानली जाते. एका बाईने ते शास्त्र मागून नीट पाहिलं आणि दुसरीला हाक मारली, "अवं, पाय वं! यानं मांगं उशी बांधून आणली!" सगळं वावर हसलं. मी वेग वाढवला. चढावर सायकल ढकलताना वेग वाढवणं शक्य असतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

टेकाडाच्या माथ्यावर, बाभळीखाली, काकाजी बसले होते. पांढरं धोतर, काळं जाकीट, शेजारी ट्रॅक्टर.

"गाडी बिघडली का, बाबू?"

"नाही काकाजी. चढ आहे म्हणून ढकलतोय."

"मंग बसाची सायकल घेऊन पायी काऊन चालून राहिला? टाक ट्रॉलीत. तिकडूनच चाललो मी."

मी सांगितलं की मदत घेता येत नाही, नंबर बाद होतो. पाणी, खाणं, दुरुस्ती, सगळं ठरलेल्या ठिकाणीच. काकाजींनी हे फार गंभीरपणे ऐकलं. "म्हंजे मानूस पडला तरी उचलाचं नाही? कोन बनवले हे नियम?" मला एकदम मरीन काउंटी आठवली. कॅलिफोर्नियात तिथल्या हौशी पोरांनी १९७६ साली जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरउतारावरून खाली सोडायच्या शर्यती सुरू केल्या. मागचा ब्रेक इतका तापायचा की चाकाच्या मधल्या तुंब्यातलं, म्हणजे हबमधलं, ग्रीस जळून त्याचा धूर व्हायचा, आणि खाली पोचल्यावर ते पुन्हा भरावं लागायचं. म्हणून त्या उताराचं नाव 'रीपॅक' पडलं. आजचा सगळा खेळ तिथून वाढला. आणि ही मंडळी डोंगर चढायला चक्क ट्रक वापरायची! म्हणजे काकाजींची ट्रॉली मूळ परंपरेला धरून होती. चढणं ही नंतरच्या लोकांची भर. पण एवढा युक्तिवाद पंचांसमोर करायला माझ्यात श्वास नव्हता, म्हणून नाही म्हणालो.

काकाजी उठले, वाकले आणि मागचं चाक अंगठ्याने दाबलं.

"हवा कमी हाय."

दुसऱ्या फेरीबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण तिच्यातलं बरंच मला आठवत नाही. जोरात चालवलं तर शरीरातला साखरेचा साठा दीड-दोन तासांत आटतो. त्याआधीपासून खात राहावं लागतं. मी पाठीच्या खिशात संत्रा बर्फी ठेवली होती. घामाने आणि उन्हाने तिचं काय झालं ते जर्सी धुणाऱ्याला विचारा. मास्तर मात्र प्रत्येक गावात उतरून, बोलून, चिवडा वाटून पुढे जात होते, आणि तरी दर वेळी माझ्या पुढेच सापडत होते. हे गणित मी त्यांनाच विचारलं. "तुम्ही कष्ट करता," ते म्हणाले. वर्गातल्या ढ मुलाशी बोलावं तितक्या मायेने.

त्याच टेकाडाच्या माथ्याजवळ फुस्स आवाज आला. बाभळीचा काटा. ट्यूबलेसमध्ये एक पांढरं द्रावण भरलेलं असतं, भोक पडलं की ते तिथे जाऊन वाळतं आणि भोक बुजवतं. पण बुजण्याआधी ते पिचकारीसारखं बाहेर उडतं. हे दृश्य पाहणारं पहिलं पोरगं होतं सात-आठ वर्षांचं.

"आबा! याच्या चाकातून दूध निघून राहिलं!"

आबा म्हणजे काकाजीच निघाले. एव्हाना तिथे माथ्यावर बऱ्यापैकी सभा जमली होती. बाया आल्या, ट्रॅक्टरवाला आला, एक कुत्रं येऊन दूध हुंगून नाराज होऊन गेलं. काकाजींच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, पण समाधान होतं. "म्या सकाळीच सांगितलं होतं." आणि त्यांनी ट्रॉलीतून एक पायाने मारायचा पंप काढला. माझ्यासाठी. पहिल्या फेरीनंतर मुद्दाम घरून मागवलेला!

आता नियम की माणुसकी हा पेच माझ्यासमोर उभा राहिला असता, पण पंपच बसेना. माझ्या चाकाला प्रेस्टा व्हॉल्व, बारीक नळीचा. पंपाचं तोंड मोटरसायकलच्या जाड व्हॉल्वचं. काकाजींनी उलटंपालटं करून पाहिलं, पोराने पाहिलं, ट्रॅक्टरवाल्याने सुतळी गुंडाळून पाहू का असं विचारलं.

"फसवलं बाप्पा तुले कंपनीनं," काकाजी म्हणाले. "लाखाची सायकल, अन् हवा भराची सोय नाही."

मी खिशातला वीतभर पंप काढला. सभेत हशा पिकला. भोक बुजलं होतं, पाचपन्नास दट्टे मारले की माझे २५ पीएसआय होणार होते. झाले. मी उठलो, काकाजींनी अंगठा लावला.

"कमी हाय. मार अजून."

मी म्हटलं, पुरे. ते म्हणाले, मार. मी पीएसआय समजावू लागलो. ते सायकलच्या पुढे, वाटेच्या बरोबर मधे उभे होते आणि हटायचा त्यांचा काही विचार दिसत नव्हता. मदत त्यांनी केलीच नव्हती. एका बोटाचाही नियमभंग नाही. त्यांनी फक्त अंगठा लावला आणि मी पंप मारत राहिलो. बाया मोजत होत्या. चाक वाजवलं तर टणटण आवाज येईल इतकं झालं, तेव्हा काकाजींनी मान डोलावली आणि बाजूला झाले.

उरलेले सगळे किलोमीटर मी गिट्टीवरून उडत गेलो. टायरने एकही दगड अंगावर घेतला नाही, सगळे माझ्या कण्याकडे पाठवले. उशी बांधून आणल्याचं ज्या बाईने हसं केलं होतं, तिला मी दर खड्ड्यात सांगत होतो की बाई, एकच आणली, हे चुकलं.

शेवटच्या रेषेवर शामियान्याचे खांब काढणं चालू होतं. वेळ नोंदवणाऱ्या पोराने माझा नंबर दोनदा विचारला, कारण त्याने लॅपटॉप बंद केला होता. मेकॅनिकने सायकल घेतली, मागचं चाक दाबलं आणि चमकून माझ्याकडे पाहिलं. "सर, एवढी हवा? म्हणूनच तर दमले तुम्ही."

मास्तर खुर्चीवर बसून ऊन खात होते. त्यांनी माझ्यासाठी पोह्यांची एक प्लेट आठवणीने बाजूला काढून ठेवली होती, असं ते म्हणाले. मग बराच वेळ मी येईना, पोहे गार व्हायला लागले, अन्न वाया जाऊ नये म्हणून त्यांनीच ती संपवली. दुसरे पोहे? संपले. तर्री मात्र अर्धं पातेलं उरली होती, वर लाल तवंग, खाली चणे. वाढपी म्हणाला, "नुसती कशी देऊ, सर?" मी त्याच्यापुढे पाण्याची बाटली उघडून धरली.