एसटीला काळं फासताना घ्यायची काळजी

अस्मितेची संघटना काढायचं ठरलंच आहे ना तुमचं? मग प्रश्न बेळगावचाच घ्या. 1956 पासूनचा निखारा आहे, फुंकर मारली की भागतं.

लक्ष्य मात्र नीट निवडा. मंत्र्यांच्या ताफ्याभोवती पोलीस असतात. एसटीत असतो एक चालक, एक वाहक, दवाखान्याला निघालेले आजोबा आणि माहेराहून परतणारी कुणी लेकुरवाळी. ते उलटून मारत नाहीत. आपण कर्नाटकची गाडी रंगवायची, तिकडच्या बांधवांनी आपली. डबा, ब्रश, कॅमेरावाला, याच क्रमाने नव्हे, कॅमेरावाला आधी. आणि काचेवर 'निषेध' लिहिताना पोटफोड्या ष काढा. लढा भाषेचा आहे.

सरकारच्या कामात लुडबूड करू नका. त्यांचं खातं ठरावाचं. डिसेंबर 2022 आठवा. 14 तारखेला दिल्लीत गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना समोरासमोर बसवलं. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत कुणी कुणाच्या भूभागावर दावा सांगायचा नाही, असं ठरलं. आठव्या दिवशी कर्नाटकने बेळगावात ठराव केला: एक इंचही देणार नाही. बरोबर तेराव्या दिवशी आपण नागपुरात केला: 865 गावांची इंच न इंच जमीन घेणारच. तेराव्याचा मुहूर्त कुणी काढला कोण जाणे! दोन्ही ठराव एकमताने. भाजप तेव्हा बंगळुरूत सत्तेत, मुंबईत सत्तेत, दिल्लीतही सत्तेत. एवढ्या सलोख्यात भांडण टिकवून धरायचं म्हणजे खायचं काम नाही.

पत्रकारांनी इतिहास विचारला तर 'महाजन अहवाल' म्हणून मूठ आवळा. आत शिरू नका. सीमावादासाठी केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगाकडे तेव्हा आपण 814 गावं मागितली, आयोगाने 264 देऊ केली आणि वर आपल्याकडची 247 तिकडे द्यायला सांगितली, त्यात अक्कलकोटही. म्हणून आपण तो अहवाल फेटाळतो आणि ते उराशी धरतात. फारच खोदून विचारलं, तर 'प्रकरण न्यायप्रविष्ट आहे' म्हणा. दावा 2004 सालचा आहे, हे वाक्य तुमच्या मुलांनाही पुरेल. दरम्यान त्यांनी 2012 साली बेळगावात विधानसौध, म्हणजे विधिमंडळाची इमारत, उभारला, 2014 मध्ये 'बेळगावी' नाव केलं. बांधकाम आपल्या परंपरेत बसत नाही.

बेळगावच्या मराठी माणसाला मात्र काही विचारायला जाऊ नका. जमिनीचा उतारा मराठीत मिळावा, असलं काहीतरी सपक मागतो. शिवाय सीमाभागासाठी लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा एकही आमदार त्याने 2018 मध्ये निवडून दिला नाही, 2023 मध्येही नाही. अशा माणसाच्या भावना आपण कोल्हापुरातून नाहीतर पुण्यातून व्यक्त केलेल्याच बऱ्या.

आणि हो, सीमेवर आंदोलनाला जाताना स्वतःची दुचाकी न्या. त्या दिवशी कागलच्या पुढे एसटी सोडत नाहीत.