घरबसल्या लिहा, घरबसल्या वाट पाहा

लिखाणातून घरबसल्या पैसे कमवायचे आणि त्याच वेळी घरातलं लेकरूही वाढवायचं, असं तुम्ही ठरवलंच असेल तर आधी अभिनंदन. लॅपटॉप आहे, वायफाय आहे, दुपारी दोन तास झोपणारं मूल आहे. आणखी काय लागतं? मूल दुपारचं झोपायचं बंद होईपर्यंत हा व्यवसाय उत्तम चालतो.

मी राहतो हडपसरला. बायको बँकेत आहे, सध्या सासवडला. सकाळी आठला ती दिवे घाटाच्या दिशेने गेली की घर, साडेचार वर्षांची मुलगी आणि मराठी भाषेची सेवा हा सगळा कारभार माझ्या गळ्यात. तेव्हा जे सांगतोय ते अनुभवाचं आहे आणि फुकट आहे. फुकट द्यायची सवय या धंद्यात लावून घ्यावीच लागते.

सुरुवात स्वतःच्या ब्लॉगपासून करा, आणि मराठीतच लिहा, म्हणजे आयकराची चिंता मिटते. ब्लॉगवर जाहिराती लावून पैसे देणाऱ्या गुगलच्या ॲडसेन्सला हिंदी २०१४ साली कळायला लागली, मराठी कळायला त्यापुढे आणखी काही वर्षं गेली. आता कळते, त्यामुळे जाहिरात येते. खात्यात दहा डॉलर जमले की तुमचा पत्ता खरा आहे का ते तपासायला गुगल तुम्हाला टपालाने एक पिन पाठवतं. अख्ख्या जगाचा नकाशा खिशात घेऊन फिरणारी कंपनी तुमचं घर शोधायचं काम पोस्टमनवर सोपवते. पोस्टमन तो लिफाफा बी विंगमधल्या तुमच्याच आडनावाच्या माणसाच्या पेटीत टाकतो. पिन मिळालाच, तरी शंभर डॉलर होईपर्यंत एक पैसा हाती येत नाही. तोवर पेठांमधल्या जुन्या वाड्यांवर लिहीत राहा. लोक वाचतात, नाही असं नाही. वाचतात, कॉपी करतात, तुमचं नाव तेवढं खुडतात आणि खाली ‘साभार: व्हॉट्सॲप’ लिहून पुढे ढकलतात. माझाच एक लेख मला सासऱ्यांनी पाठवला होता. वर लिहिलं होतं, ‘वाचा, लिहावं तर असं.’ आता तर गुगलवर काही शोधलं की तयार उत्तर वरच मांडून ठेवलेलं असतं, त्यामुळे वाचकाला तुमच्या पानापर्यंत यायची तसदीही उरलेली नाही.

गुरुवारची डेडलाइन घेऊ नका. देखभालीसाठी वीज नेमकी गुरुवारीच का जाते, ते पुणेकरांनी विचारू नये.

एवढी खटपट नको असेल तर टायपिंगचं काम धरा. ‘घरबसल्या टायपिंग करा, महिना तीस हजार’ अशी जाहिरात तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलेलीच असेल. आधी नोंदणी फी भरायची. मग बघताना डोळे फुटतील अशा पुसट पानांवरून रात्री जागून टायपिंग करायचं. शेवटी अचूकता ९८ टक्के भरली नाही म्हणून तुम्हीच कंपनीला दंड भरायचा, आणि नाही भरला तर कुठल्याशा वकिलाच्या लेटरहेडवर कोर्टाची धमकी येते. (हे मात्र सरळ सांगतो. ती नोटीस खोटी असते. एक रुपया भरू नका, १९३० या नंबरवर फोन करून तक्रार द्या. बाळंतपणासाठी नोकरी सोडलेल्या मुलींना हे लोक हेरतात, म्हणून चिडचिड होते.)

दिवाळी अंकात लिहायचंय? जरूर. दिवाळी अंकाची परंपरा १९०९ पासूनची, म्हणजे शंभरी केव्हाच ओलांडलेली. मानधनाचा विषय निघताच संपादकांना दुसरा फोन येण्याची परंपरा तेवढीच जुनी असावी. कथेबद्दल तुम्हाला भेटअंक मिळेल, दुसरा हवा असल्यास लेखक म्हणून सवलतीत. काही अंक मानधन देतात आणि वेळेवर देतात, त्यांना दंडवत. ते कुठले हे कोणी कोणाला सांगत नाही.

मुलांच्या संगोपनावर लिहिलंत तर पैसे नाही, खोका मिळतो. खोक्यात ओल्या पुसण्यांचं पाकीट, बोटाएवढी शाम्पूची बाटली आणि ‘तुमच्यासारख्या खास पालकासाठी’ असं छापलेलं कार्ड असतं. त्या बदल्यात एक लेख, फोटो आणि ‘मनापासून’ अनुभव द्यायचा. फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल लिहिताना ती फुकट मिळाली आहे हे सांगावं लागतं, जाहिरातवाल्यांच्या स्वतःच्याच संस्थेचा २०२१ चा नियम आहे तसा. तो सांगितला की पलीकडचा गप्प होतो. मागे एकाने सहा महिन्यांच्या बाळाच्या तयार खिमटाच्या डब्याचं कौतुक लिहायला सांगितलं. दोन वर्षांच्या आतल्या बाळांच्या तयार आहाराची जाहिरात करायला आपल्याकडे कायद्याने बंदी आहे. कायदा १९९२ चा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. हे मी त्याला कळवलं. उत्तर आलं, “सर, जाहिरात नको, फक्त अनुभव लिहा.” अनुभव! माझी मुलगी भाकरी-पिठलं खाते आणि वर ठेचा मागते.

आणि हो, आई व्हा. संगोपनाचं लिखाण आईनेच करायचं असतं, असा एजन्सीवाल्यांचा दंडक आहे. ‘एका आईच्या मनातून’ हवं, पहिल्याच वाक्यात ‘मैत्रिणींनो’ हवं, मध्ये एकदा डोळ्यांत पाणी हवं. मी वेगवेगळ्या वेबसाइटींवर वेगवेगळ्या नावांनी आई झालोय. एका ठिकाणी तर मला जुळी आहेत. शाळेच्या ग्रुपचं नाव अजून ‘मम्मीज ज्युनियर केजी’ आहे आणि डबा विसरला की शाळेतल्या बाई सासवडला बँकेत फोन करतात, पण इंटरनेटवर माझं मातृत्व सर्वमान्य आहे.

ट्रायल लेखाला कधी नाही म्हणू नका. ‘फक्त तुमची शैली बघायची आहे’ म्हणून दीड हजार शब्द मागतात. मी नाचणी सत्त्वावर दिले. नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाटून तलम कापडातून दूध गाळायचं, ते निवळलं की वरचं पाणी अलगद ओतून टाकायचं आणि खालचा थर ताटात पसरून वाळवायचा. उन्हात ठेवलं तर वर मलमल टाका, नाहीतर कबुतरं येतात, हेही लिहिलं होतं, कारण आमच्या बाल्कनीत येतात. ‘शैली जुळत नाही’ असा निरोप आला. महिन्याभराने तोच लेख एका तेलाच्या ब्रँडच्या साइटवर दिसला. लेखिका म्हणून कोणी दुसरीच आई होती. शैली तिची झाली होती, कबुतरं माझीच राहिली होती.

हल्लीची नवी तऱ्हा: “सर, लेख एआयने लिहून झालाय, तुम्ही फक्त जरा मराठी करा.” दर निम्मा, कारण लेख ‘तयार’ असतो. तयार म्हणजे कसा? ‘वरण-भात हे केवळ अन्न नाही, तर ती एक भावना आहे.’ हे ‘जरा मराठी’ करायचं म्हणजे आधी सगळं पुसायचं आणि मग लिहायचं. पैसे पुसण्याचेही नाहीत आणि लिहिण्याचेही नाहीत, ते कशाचे आहेत ते अजून ठरतंय.

आता मुख्य विषय. काम दिलं, पसंत पडलं, छापून आलं, आता पैसे. इथे संयम लागतो. बिल पाठवा. चार दिवसांनी विचारतील, बिल पाठवलंत का? पुन्हा पाठवा. मग पॅन, कॅन्सल्ड चेक, आणि जीएसटी नंबर. जीएसटी लागू नाही म्हणालात तर ‘लागू नाही’ असं लिहिलेलं सहीचं पत्र. ते दिलं की तुमचा व्हेंडर कोड तयार होईल. तो तयार करणारी मुलगी लग्नासाठी रजेवर असेल. ती परत येईल तेव्हा मार्चअखेर असेल. मार्चअखेर संपली की एप्रिलमध्ये ऑडिट. ऑडिट आवरलं की ‘सरांची सही राहिलीय’, आणि सर नुकतेच दुबईला गेलेले असतील. सर परत येतात तोवर सिस्टीम बदललेली असते, आणि नव्या सिस्टीममध्ये तुमचं बिलच दिसत नाही. मग पुन्हा बिल पाठवा. तारीख मात्र नवी टाका हं, जुनी तारीख सिस्टीम घेत नाही. थोडक्यात, मार्चमधलं काम ऑगस्टमध्ये केलंत असं तुम्ही स्वतःच सहीनिशी लिहून द्यायचं. आणि यातलं कोणीही वाईट वागत नाही! सगळे गोड. “सर, नक्की रिलीज करतो.” “सर, मंगळवारी पक्कं.” कुठला मंगळवार हे विचारायची सोय नाही. तुम्ही फोन केला की ते मीटिंगमध्ये असतात, आणि त्यांचा फोन येतो तेव्हा ‘अर्जंट आहे, संध्याकाळपर्यंत दोन लेख हवेत’. ते लेख द्यायला सिस्टीम लागत नाही, सही लागत नाही, व्हेंडर कोड लागत नाही. पोरीला मोबाइलवर कार्टून लावून देऊन, कुकरच्या शिट्ट्या मोजत, कीबोर्डवर तिने सांडलेला चुरमुऱ्यांचा चिवडा झटकत ते लेख संध्याकाळी पोचलेले असतात. उशीर झाला तर बिलातून कपात आहे. आणि तो दहा टक्के टीडीएस! तो तेवढा चोख कापतात. कापलेला कर आयकर खात्याकडच्या माझ्या नोंदीत दिसत नाही ही वेगळी गोष्ट.

गेल्या आठवड्यात मी सहाव्या महिन्याचा फोन केला. पलीकडचा पंचविशीतला मुलगा अगदी आपुलकीने म्हणाला, “सर, तुम्ही तर घरीच असता ना? आणि मॅडम बँकेत आहेत. मग एवढी घाई कशाला?”

तर उपरोध इथपर्यंत. पुढचं सरळ.

मी घरी असतो, म्हणजे रिकामा असतो असं तुला कोणी सांगितलं? माझी बायको काय कमावते याचा तुझ्या कंपनीच्या देण्याशी संबंध काय? तुझ्या ऑफिसला पाण्याचे जार आणून देणाऱ्याला विचारतोस का, तुझी बायको काय करते? विचारून बघ. दुसऱ्या दिवशी मशीन कोरडं पडेल. लेख मात्र सहा महिने साइटवर झळकतोय, त्यावर तुम्ही तुमच्या क्लायंटकडून पैसे घेऊन मोकळे झालात, आणि ज्याने लिहिला त्याने शौक म्हणून लिहिला असं धरून चाललायत. घरात बसून मूल सांभाळणाऱ्याचं काम म्हणजे वेळ घालवण्याचं साधन, हे तुमच्या डोक्यात पक्कं बसलंय. माझ्या जागी एखादी बाई असती तर तिला हेच ‘मिस्टर आहेत ना कमावते’ असं ऐकवलं असतं. ऐकवतातच. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणींना ऐकवलंय, आणि त्या बिचाऱ्या संकोचाने फोन ठेवून देतात.

ठेवू नका. का ठेवता? मला तुमचाही राग येतो. पंधरा पैसे शब्दाला हो म्हणता, बिलाला नंबर टाकत नाही, कामाआधी दर ईमेलवर लिहून घेत नाही, फोनवरच्या ‘बघू या ना’वर हजारो शब्द देऊन टाकता, आणि मग फेसबुकवर ‘कलेची कदर नाही’ म्हणून उसासे टाकता. कला गेली चुलीत, हा व्यवहार आहे. लेखी करारात हक्क दिलेला नसेल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तुमचा लेख तुमचाच असतो, पगारी नोकर म्हणून लिहिला असेल तरच गोष्ट वेगळी. ट्रायल लेखसुद्धा तुमचाच. कोणी वापरला तर तसं लेखी विचारा, त्या ब्रँडलाही प्रत पाठवा. मी पाठवली. नाचणीचं पान तिसऱ्या दिवशी गायब झालं.

आणि उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करा. एकट्याने घरून लिहिणाऱ्यालाही सेवा देणारा सूक्ष्म उद्योग म्हणून ती मिळते. २००६ च्या कायद्याने अशा उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. शिवाय आयकरात आता अशी तरतूद आहे की मुदतीत न दिलेली ही रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत कंपनीला खर्च म्हणून दाखवता येत नाही. दुबईच्या सरांना हे माहीत नसेल, त्यांच्या सीएला पाठ आहे. बिलावर उद्यम क्रमांक छापा आणि त्याखाली व्याजाची ओळ टाका. तरी दाद नाही दिली तर केंद्राच्या सूक्ष्म-लघु उद्योग मंत्रालयाच्या पोर्टलवर तक्रार टाका, तीही घरबसल्या होते. माझी टाकून झाली आहे. काल दुपारी त्या मुलाचा फोन आला, “सर, तुम्ही आधी बोलायला हवं होतं.” नोंदणी कामाच्या आधीची असावी लागते, काम झाल्यावर करून त्या बिलाला उपयोग नाही, तेव्हा आजच करा. आधार आणि पॅन पुरतं, सरकारी साइटवर एक पैसा लागत नाही. कोपऱ्यावरचा सायबरवाला पाचशे मागेल. देऊ नका.