‘एक्झिमा आहे? मग अंडं-शेंगदाणा तीन वर्षं नको’: फिरत्या मेसेजला उत्तर

बाळाला एक्झिमा, म्हणजे त्वचा कोरडी पडून खाजरे लाल चट्टे उठण्याचा आजार, आहे असं कळायचा अवकाश, कुणी ना कुणी तो मेसेज पाठवतंच. मजकूर जरा इकडेतिकडे, गाभा तोच: ‘एक्झिमा म्हणजे पोटातली अ‍ॅलर्जी. अशा बाळाला दूध वर्षभर, अंडं दोन वर्षं आणि शेंगदाणा-मासे तीन वर्षं देऊ नका. द्यायचंच झालं तर आधी गालावर चोळून बघा. लाल झालं की कायमचं बंद. आधी रक्ताचं अ‍ॅलर्जी पॅनेल करून घ्या. आईनेही हे सगळं सोडावं, बाळाला शेळीचं दूध द्यावं. स्टेरॉइडच्या मलमाला हात लावू नका. आणि काही झालंच, तर अ‍ॅलर्जीचं औषध पाजून झोपवा.’

रात्रभर खाजवून रक्ताळलेले गाल ज्यांनी पाहिलेत त्यांना हे सगळं पटकन पटतं. न देणं हे देण्यापेक्षा सुरक्षितच असणार, असं वाटतं. इथे ते तसं नाही, म्हणून हा खटाटोप.

‘एक्झिमा म्हणजे पोटातली अ‍ॅलर्जी’

बहुतेक बाळांच्या बाबतीत क्रम उलटा असतो: आधी त्वचा बिघडते, अ‍ॅलर्जी आलीच तर ती मागाहून. त्वचेचा वरचा थर घट्ट ठेवणाऱ्या प्रथिनांपैकी एक म्हणजे फिलाग्रिन. त्याच्या जनुकात दोष असला की एक्झिमाची शक्यता बरीच वाढते, हे २००६ मध्ये दिसून आलं. अशा त्वचेला बारीक भेगा असतात. ज्या घरात अंडं-शेंगदाणा खाल्ला जातो तिथल्या धुळीत, अंथरुणात, मोठ्यांच्या हातांवर त्याचे कण असतातच. बाळाने अंड्याचा घासही घेतलेला नसतो, पण त्याच्या प्रतिकारशक्तीची अंड्याशी पहिली गाठ पडते ती या भेगांमधून, सुजलेल्या त्वचेत. तिथे ती त्याला शत्रू म्हणून नोंदवते. तेच अंडं तोंडावाटे पोटात गेलं, तर शरीर बहुधा ते सहन करायला शिकतं.

लंडनच्या किंग्ज कॉलेजमधले गिडियन लॅक आणि त्यांचे सहकारी ही मांडणी अनेक वर्षं करत आले आहेत. २००३ मध्ये त्यांच्या गटाला असं आढळलं होतं, की शेंगदाण्याचं तेल असलेली मलमं ज्या बाळांच्या पुरळावर लावली गेली, त्यांच्यात शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी जास्त होती.

मेसेजमध्ये सत्याचा अंश आहे, तो नाकारू नये. एक्झिमा आणि अन्नाची अ‍ॅलर्जी यांचा संबंध घट्ट आहे. ऑस्ट्रेलियात वर्षाच्या बाळांना प्रत्यक्ष खायला घालून तपासलं, तेव्हा एक्झिमा असलेल्या साधारण ५ बाळांमागे एकाला अंडं, शेंगदाणा किंवा तीळ यांपैकी कशाची तरी अ‍ॅलर्जी निघाली; एक्झिमा नसलेल्यांत हेच प्रमाण २५ मागे एक होतं. काही थोड्या बाळांचा एक्झिमा एखाद्या पदार्थाने, बहुतेकदा दुधाने, खरोखर भडकतो. पण ५ पैकी ४ बाळांना यातली कुठलीच अ‍ॅलर्जी नव्हती, हेही त्याच आकड्यात आहे. त्यांचे चट्टे भडकतात ते घामाने, लाळेने, साबणाने, लोकरीने, कोरड्या हवेने, सर्दीतापाने. ताटातला एकेक पदार्थ कमी करत गेलं तर त्यांची त्वचा बरी होत नाही, फक्त बाळाचं वजन अडतं.

‘दूध वर्षभर, अंडं दोन वर्षं, शेंगदाणा तीन वर्षं नको’

हे आकडे कुणी मनाने रचलेले नाहीत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्सने, २००० साली अ‍ॅलर्जीचा धोका जास्त असलेल्या बाळांसाठी हेच वेळापत्रक दिलं होतं. त्या वेळचा तो प्रामाणिक अंदाज होता, मागे भक्कम पुरावा नव्हता. २००८ मध्ये त्याच संघटनेने तो सल्ला मागे घेतला. मेसेज मात्र अजून २००० सालातच आहे.

त्याच २००८ मध्ये एक तुलना प्रसिद्ध झाली. ब्रिटनमधल्या ज्यू मुलांमध्ये शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी १.८५ टक्के होती, इस्राएलमधल्या ज्यू मुलांमध्ये ०.१७ टक्के. वंश मिळताजुळता, फरक दहापट. ठळक फरक एवढाच, की इस्राएलमध्ये बाळं पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचा खाऊ खात होती आणि ब्रिटनमध्ये तो टाळला जात होता. नुसत्या तुलनेवरून कारण सिद्ध होत नाही, म्हणून लॅक यांच्या गटाने ‘लीप’ हा प्रयोग केला. ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं घेतली. सगळ्यांना तीव्र एक्झिमा, अंड्याची अ‍ॅलर्जी किंवा दोन्ही. म्हणजे हा मेसेज ज्यांना ‘लांबच राहा’ सांगतो नेमकी तीच. चिठ्ठी टाकावी तसे दोन गट केले. एका गटाला आठवड्यातून तीन किंवा जास्त वेळा शेंगदाणा, दुसऱ्याला पाच वर्षांचं होईपर्यंत अजिबात नाही. निकाल २०१५ मध्ये आला: टाळणाऱ्यांत १७.२ टक्के मुलांना अ‍ॅलर्जी, खाणाऱ्यांत ३.२ टक्के.

इथे एक अट सांगितलीच पाहिजे, कारण उत्साही लोक ती गाळतात. त्वचेवर टोचून केलेल्या चाचणीत ज्यांना ४ मिलिमीटरपेक्षा मोठी गांधी उठली, ती बाळं प्रयोगात घेतलीच नव्हती. म्हणून तीव्र एक्झिमा असेल, किंवा एखाद्या पदार्थाने आधीच त्रास झाला असेल, तर शेंगदाण्याची सुरुवात अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांना विचारून करावी. २०१७ च्या अमेरिकन मार्गदर्शनात अशा बाळांना तपासून ४ ते ६ महिन्यांतच सुरू करा असं आहे. सौम्य-मध्यम एक्झिमात ६ महिन्यांच्या आसपास, घरीच. ‘डॉक्टरांना विचारा’ याचा अर्थ लवकर विचारा असा आहे. भेटीची वाट बघण्यात चार महिने गेले, तर तो उशीरच झाला.

अंड्याबद्दल जपानमधला प्रयोग मला जास्त शिकवणारा वाटतो. एक्झिमा असलेल्या बाळांना सहाव्या महिन्यापासून शिजवलेल्या अंड्याची भुकटी रोज ५० मिलिग्रॅम, नवव्या महिन्यापासून २५० मिलिग्रॅम. वर्षाच्या शेवटी अंड्याची अ‍ॅलर्जी त्यांच्यात ८ टक्के, न दिलेल्यांत ३८ टक्के. फरक इतका, की प्रयोग आधीच थांबवला गेला. यात दोन गोष्टी होत्या ज्या घरी सहज निसटतात: अंडं पूर्ण शिजवलेलं होतं, आणि बाळांचा एक्झिमा औषधाने आटोक्यात ठेवलेला होता.

आता प्रत्यक्ष कसं द्यायचं ते. बाळ आधाराने बसतं, मान सावरतं, चमच्याने दिलेलं जिभेने बाहेर ढकलत नाही, मग वरचं अन्न सुरू. चार महिन्यांच्या आत कधीच नाही. आधी एकदोन साधे पदार्थ अंगवळणी पडू द्यावेत, मग अ‍ॅलर्जीचे म्हणून ओळखले जाणारे एकेक. दिवस असा निवडा की बाळाला सर्दीताप नाही आणि त्वचा त्यातल्या त्यात शांत आहे. वेळ सकाळची किंवा दुपारची, म्हणजे पुढचे दोन तास बाळ जागं आणि नजरेसमोर राहील. कडक उकडलेलं अंडं कुस्करून, बाळ आधीपासून खातं त्यात कालवून, पहिल्यांदा चमच्याचं टोक. दहा मिनिटं थांबा. काही नाही, तर उरलेलं हळूहळू. शेंगदाण्याची मऊ पेस्ट कोमट पाण्यात किंवा आईच्या दुधात पातळ करून द्यायची; नुसती पेस्ट टाळूला चिकटते आणि अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत नकोच, श्वासनलिकेत अडकतो. एका दिवशी एकच नवा पदार्थ.

आणि सोसलं की सोडून द्यायचं नाही. ‘देऊन पाहिलं, ठीक होतं’ म्हणून महिनाभर बंद, हे अर्धवट काम आहे. आठवड्यातून दोनतीनदा पोटात जायला हवं. लीपमध्ये आठवड्याला ६ ग्रॅम शेंगदाण्याचं प्रथिन ठरलं होतं, म्हणजे साधारण दोन छोटे चमचे पेस्ट, तीनदा. अर्थात हे पोचायचं माप आहे, पहिल्या दिवसाचं नाही.

दुधाबद्दलचा घोळ वेगळाच. वर्षभर गाईचं दूध मुख्य पेय म्हणून देऊ नये, हे खरं. त्यात लोह कमी असतं आणि त्याने आईचं दूध मागे पडतं. पण त्याचा अ‍ॅलर्जीशी संबंध नाही. दही किंवा खाण्यात मिसळलेलं थोडं दूध, अ‍ॅलर्जी नसेल तर सहाव्या महिन्यापासून चालतं.

‘आधी गालावर चोळून बघा’

सगळ्या मेसेजमधलं हे मला सर्वांत जास्त टोचतं. वर भेगांचं सांगितलं ते आठवा: ज्या वाटेने अ‍ॅलर्जी जडते तीच वाट हा सल्ला मुद्दाम उघडतो. शिवाय एक्झिमाच्या गालावर काहीही चोळलं तरी तो लाल होणारच. बदाम, शेंगदाणा, गहू, दूध असले घटक असलेली तेलं-मलमंही याच कारणासाठी नकोत. मलम लावण्याआधी हात धुवा. स्वयंपाक करता करता ओला हात पुसून बाळाच्या गालाला क्रीम लावणं, एवढीही गोष्ट टाळलेली बरी.

‘लाल झालं की कायमचं बंद’

टोमॅटो, संत्रं, स्ट्रॉबेरी अशा आंबट पदार्थांनी तोंडाभोवती, जिथे रस लागला तिथेच, सपाट लाली येते आणि पुसल्यावर थोड्या वेळात जाते. ती चुरचुर, अ‍ॅलर्जी नव्हे. भरवण्याआधी हनुवटीला आणि गालांना पेट्रोलियम जेलीचा हात फिरवला की बरंच भागतं. अ‍ॅलर्जीची खूण वेगळी: फुगीर, खाजऱ्या गांधी, त्याही रस न लागलेल्या जागी, ओठ-पापण्या सुजणं, उलट्या, खोकला. हे बहुतेक वेळा काही मिनिटांत, फार तर दोन तासांत होतं. असं झालं तर तो एक पदार्थ थांबवायचा, डॉक्टरांना दाखवायचं आणि बाकीचे पदार्थ चालू ठेवायचे. एका अंड्यापायी दाणे, गहू, मासे सगळेच रांगेने बाद करणारी घरं कमी नाहीत. ‘कायमचं’ हा शब्दही चुकीचा. दूध आणि अंड्याची अ‍ॅलर्जी बहुतेक मुलांची मोठेपणी जाते. शेंगदाण्याची मात्र पाचातल्या एकाचीच.

‘आधी अ‍ॅलर्जी पॅनेल करा’

पॅनेल म्हणजे एकाच वेळी अनेक पदार्थांसाठी केलेली रक्ताची चाचणी. ती आयजीई, म्हणजे अ‍ॅलर्जीत भाग घेणारी प्रतिपिंडं, शोधते. रक्तात आयजीई सापडणं म्हणजे शरीराला पदार्थाची ओळख झालेली असणं. खाल्ल्यावर त्रास होईलच, असं त्यातून निघत नाही. आणि एक्झिमाच्या बाळाच्या रक्तात अशा ओळखी ढीगभर निघतात. अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये प्रामुख्याने चाचण्यांच्या जोरावर पथ्य पाळणाऱ्या, बहुतांश एक्झिमाच्याच मुलांना देखरेखीखाली ते पदार्थ खायला दिले, तर ८९ टक्के वेळा काही झालं नाही. चाचणी शंका असलेल्या पदार्थापुरती करावी, तीही अर्थ लावणारा डॉक्टर समोर असताना. आयजीजी या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिपिंडांची पॅनेलं तर घेऊच नयेत. ती बाळ काय खातं तेवढंच सांगतात, आणि ते तुम्हाला आधीच माहीत असतं.

‘आईनेही सगळं सोडावं, बाळाला शेळीचं दूध द्यावं’

बाळाला अ‍ॅलर्जी होऊ नये म्हणून गरोदर किंवा पाजणाऱ्या आईने पथ्य करावं, याला आधार नाही. अंगावर पाजताना बाळाला खरोखर त्रास होतो अशी शंका असेल, तर एकच पदार्थ दोन ते चार आठवडे बंद करून पुन्हा सुरू करून बघतात. पुन्हा सुरू करणं हाच त्यातला कळीचा भाग, आणि तोच विसरला जातो. बाळाच्या ताटातून पदार्थ उगाच काढण्याचा तोटाही दिसून आला आहे: २०१६ च्या एका पाहणीत एक्झिमासाठी पथ्यावर ठेवलेल्या, आधी तत्काळ अ‍ॅलर्जी कधीच न झालेल्या मुलांपैकी १९ टक्क्यांना पथ्यानंतर तशी अ‍ॅलर्जी झाली. शेळीच्या दुधाचं एका वाक्यात: त्यातली प्रथिनं गाईच्या दुधाशी इतकी मिळतीजुळती, की गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या दहातल्या नऊ मुलांना त्यानेही त्रास होतो.

‘स्टेरॉइडचं मलम नको’

जपानी प्रयोगातली ती शांत त्वचा या मलमांनीच मिळाली होती. सौम्य मलम, चट्ट्यांपुरतं, डॉक्टर सांगतील तितके दिवस. माप म्हणून मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या पहिल्या पेरावर ट्यूबमधून काढलेली रेघ धरा. ती मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. भीतीपोटी ठिपका ठिपका लावून महिनोन्‌महिने धुमसत ठेवलेला एक्झिमा, पाच दिवस नीट लावून विझवलेल्यापेक्षा वाईट. साधं मॉइश्चरायझर रोज, भरपूर. त्याने एक्झिमा होणं टळत नाही, हे २०२० च्या दोन मोठ्या प्रयोगांत दिसलं. पण झालेला आटोक्यात राहायला त्याचा उपयोग होतो.

‘काही झालंच तर अ‍ॅलर्जीचं औषध पाजून झोपवा’

चार गांधी उठल्या आणि बाळ खेळतंय, तर अ‍ॅलर्जीचं औषध ठीक. पण झोपवू नका, बघत राहा. श्वासाला घरघर, सतत खोकला, आवाज बसणं, बाळ पांढरंफटक पडणं किंवा अंग सोडून देणं, यातलं काहीही दिसलं तर ते औषध कामाचं नाही. तिथे उपाय एकच, मांडीच्या बाहेरच्या बाजूला अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन. डॉक्टरांनी ते आधीच घरी ठेवायला दिलेलं असेल तर लगेच टोचा, आणि असो वा नसो, तत्काळ रुग्णवाहिका. बाळाला आडवं ठेवा, कडेवर उभं धरून धावपळ नको. बरं वाटलं तरी इस्पितळात जायचं, कारण काही तासांनी लक्षणं पुन्हा येऊ शकतात.

आणखी एक प्रकार आहे ज्यात पुरळ उठतच नाही. खाल्ल्यावर एक ते चार तासांनी उलट्यांवर उलट्या, बाळ मलूल, अंग सैल. लोक ते पोट बिघडलं म्हणून सोडून देतात. तीही अन्नाचीच प्रतिक्रिया असू शकते. तिचा मुख्य उपचार शरीरात पाणी भरून काढणं हा असतो, म्हणून इस्पितळ गाठल्यावर बाळाने काय खाल्लं, किती खाल्लं आणि किती वाजता, हे सगळ्यात आधी सांगा.