लिस्बनच्या तीन दिवसांत पोर्तो कोंबू नका

पोर्तुगाल सहलीवरच्या या लेखात तीन दिवसांत लिस्बन, सिंत्रा आणि पोर्तो असं वेळापत्रक दिलंय. पोर्तो कृपया गाळा. रेल्वेने एका बाजूलाच जवळपास तीन तास जातात, मग लिस्बन बघणार कधी? सिंत्रा ठीक, लिस्बनच्या रोसिओ स्टेशनवरून पाऊण तासाच्या आत पोचता.

लिस्बनमधल्या बेलें भागाला अख्खी सकाळ द्या, पण सोमवारी नको. तिथला जेरोनिमोस मठ त्या दिवशी बंद असतो. मठाच्या चर्चमध्ये वास्को द गामाची समाधी आहे. १५२४ मध्ये तो कोचीला वारला, अवशेष पुढे पोर्तुगालला नेले. आम्ही मूळचे म्हापशाचे. समाधीपुढे उभं राहिल्यावर जुन्या गोव्यातली चर्चं डोळ्यांपुढे आली, बराच वेळ पाय निघेना.

२८ नंबरची ट्राम मार्तिम मोनिझला, जिथून सुटते तिथेच, सकाळी लवकर पकडा. नंतर रांगच रांग. अल्फामा ही जुनी वस्ती मात्र पायीच फिरा. १७५५ च्या भूकंपातून हा भाग बराचसा वाचला, म्हणून गल्ल्या अजून वळणावळणाच्या आहेत. फरसबंदीचे दगड पावसात फार घसरतात, आईबाबा सोबत असतील तर चांगल्या पकडीचे बूट घ्याच.